वहिनींचा सीटी झाला आणि नंतर कळलं की दिवस गेलेत. शीटवर ५११ लिहिलंय, कोणी समजावून सांगेल का?

तापीकाठ (धागाकर्ता) · रविवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. मोठा भाऊ सुरतला असतो कापड मार्केटला, वहिनी इकडे आमच्यासोबत यावल तालुक्यात. १४ जुलैच्या रात्री वहिनींच्या डाव्या कुशीत अशी कळ उठली की त्या जमिनीवर लोळायला लागल्या, गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं तरी थांबेना, शेवटी रात्री एक वाजता गाडी काढून जळगाव गाठलं. तिथे सीटी केयूबी (किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंतचा सीटी स्कॅन) केला, मुतखडा निघाला ५ एमएमचा, अगदी लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी. चार दिवसांनी पडला पण. सगळे खुश.

आता खरी गोष्ट. वहिनींची पाळी आधीपासून अनियमित, कधी ४० दिवस कधी ४५, त्यामुळे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. २५ तारखेला त्यांनी घरी स्ट्रिप टेस्ट केली तर दोन लाईन. लग्नाला चार वर्षं झालीत, पहिलीच वेळ आहे. आईने देवापुढे साखर ठेवली आणि तासाभरात सगळ्यांच्या लक्षात आलं की अरे, सीटी!

काल तालुक्याच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो तर त्यांनी सीटीचा कागद बघितला आणि म्हणाल्या पहिल्या दोन महिन्यांत पोटाचा सीटी म्हणजे रिस्क, आता लवकर आहे, गोळ्यांनी होऊन जाईल, पुढे परत चान्स घ्या. पाच मिनिटांत बाहेर. वहिनी रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत.

सीडीच्या पाकिटात एक डोसचा कागद सापडला, त्यावर शेवटी टोटल डीएलपी ५११ असं आहे. नेटवर वाचलं की १०० च्या वर गेलं की बाळाला धोका. म्हणजे पाचपट झालं का? भाऊ मंगळवारी येतोय सुट्टी टाकून, तोपर्यंत काहीतरी कळायला हवं.

---

बिबडे_वाळवणारी · रविवार, रात्री १२:१०

दादा आधी एक करा, ती गोळी घेऊ देऊ नका. घाईने काही नको. जळगावला दुसऱ्या मॅडमला दाखवा. पाच मिनिटांत सांगायची गोष्ट आहे का ही?

---

धरणगाव_एक्सप्रेस · सोमवार, सकाळी ७:०५

एक सीटी म्हणजे ५०० एक्सरे असं वाचलं होतं मागे ग्रुपवर, तुमचा ५११ आकडा पण तसाच येतोय. वाईट वाटतं पण डॉक्टर मॅडम उगाच सांगणार नाहीत भाऊ.

---

डार्करूम · सोमवार, सकाळी ९:३०

एक्सप्रेस भाऊ, ते ५११ आणि ग्रुपवरचे ५०० एक्सरे यांचा काहीएक संबंध नाही, कृपया असे जोडकाम करू नका, कोणाच्या घरातली गोष्ट आहे.

मी २२ वर्षं टेक्निशियन आहे, फिल्म हाताने धुवायचो तेव्हापासून. तापीकाठ, नीट वाचा. डीएलपी हा बाळाला किती लागलं त्याचा आकडा नाहीच. तुम्ही जे १०० वाचलं ते मिलीग्रेमध्ये (शरीरात किती रेडिएशन मुरलं त्याचं माप), आणि डीएलपी असतो मिलीग्रे-सेंटीमीटरमध्ये. म्हणजे प्रत्येक ठिकाणी किती मारा झाला गुणिले किती सेंटीमीटर लांबीवर झाला. शेतात एकरी दोन गोण्या युरिया टाकला आणि शेत दहा एकर, तर एकूण वीस गोण्या झाल्या, पण एका झाडाच्या बुडाशी किती गेला ते बघायला एकरीच आकडा लागतो ना? तो एकरी आकडा म्हणजे त्याच कागदावरचा सीटीडीआय व्हॉल. तो किती आहे ते टाका. आणि ओळी किती आहेत ते पण.

छातीच्या एक्सरेत गर्भापर्यंत पोचतं ०.०००५ ते ०.०१ मिलीग्रे, म्हणजे नसल्यातच जमा. त्याच्याशी तुलना केली की कशाचेही हजार एक्सरे होतात.

---

तापीकाठ · सोमवार, दुपारी १:१५

डार्करूम काका, खूप आभार. कागदावर तीन ओळी आहेत. पहिली टोपोग्राम, तिथे डीएलपी ७. दुसरी केयूबी, सीटीडीआय व्हॉल ८.४, डीएलपी ३७८. तिसरीपुढे प्रोन लिहिलंय, सीटीडीआय व्हॉल परत ८.४, डीएलपी १२६. टोटल ५११. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या की एकदा झाल्यावर पालथं झोपवून परत आत घेतलं होतं, तेव्हा कळ इतकी होती की कोणी काही विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही.

---

डार्करूम · सोमवार, दुपारी २:००

बरोबर आहे. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकलाय का पिशवीत पडलाय हे उताणं झोपवून कळत नाही, म्हणून पालथं करून फक्त खालचा भाग परत घेतात. पालथं झाल्यावर खडा खाली सरकला तर तो पिशवीत सुटा आहे, जागेवर राहिला तर अडकलाय. टोपोग्राम म्हणजे नुसती नकाशाची फिल्म, ती सोडून द्या.

३७८ भागिले ८.४ म्हणजे ४५ सेंटीमीटर, किडनीपासून खालपर्यंत. १२६ भागिले ८.४ म्हणजे १५ सेंटीमीटर, नुसतं ओटीपोट. गर्भाशय दोन्ही वेळा आत आलं. म्हणजे ८.४ अधिक ८.४, १६.८. सतरा मिलीग्रे धरा. ५११ नाही. सतरा.

आणि हो, पाळी कधी आली होती हे विचारणं आमचं काम आहे. एक्सरे रूमच्या बाहेर बोर्ड असतो, गरोदर असाल तर आधी सांगा म्हणून. पण रात्री दोन वाजता कळवळणारा पेशंट बोर्ड वाचत नाही, विचारायला आम्हीच पाहिजे.

---

चोपड्याचा_फँटम · सोमवार, संध्याकाळी ६:४०

मूळचा चोपड्याचा, आता बाहेरगावी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे, रेडिएशन मोजणं हेच काम. डार्करूम यांनी दिशा अगदी बरोबर दिली आहे, फक्त सतरावर थांबू नका, थोडं वर जावं लागेल.

सीटीडीआय हा पेशंटमध्ये मोजलेला नसतो. ३२ सेंटीमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा गोल ठोकळा असतो, त्याला फँटम म्हणतात, त्यात मोजलेला तो आकडा. आता माणूस त्या ठोकळ्यापेक्षा बारीक असेल तर मधल्या अवयवापर्यंत किरण जास्त पोचतात, जाड असेल तर कमी. वहिनींचं वजन किती आहे?

---

तापीकाठ · सोमवार, संध्याकाळी ७:१०

४६ किलो. उंची पाच फूट एक असेल.

---

चोपड्याचा_फँटम · सोमवार, रात्री ९:२०

मग बारीकच. अशा शरीराला साधारण दीडपट करावं लागतं, १६.८ चे झाले २५. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ इतका छोटा असतो की वेगळा डोस काढत नाहीत, गर्भाशयाला जो मिळाला तोच गर्भाचा धरतात. तर माझा अंदाज २५ मिलीग्रेच्या आसपास. सतरा ऐकून बरं वाटलं असेल आणि मी येऊन वाढवलं, पण तुमच्या हातात जो आकडा राहील तो उद्या कोणी खोडू शकणार नाही असा असावा.

आता २५ म्हणजे काय? आईच्या पोटात नऊ महिन्यांत जमिनीतून, आकाशातून, आईच्या स्वतःच्या शरीरातून बाळाला अर्धा ते एक मिलीग्रे तसंही मिळतं. ५० च्या खाली व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचं दिसलेलं नाही. आणि आयसीआरपी म्हणजे रेडिएशनच्या संरक्षणाचे नियम सुचवणारी जी आंतरराष्ट्रीय समिती, तिच्या २००० सालच्या ८४ नंबरच्या प्रकाशनात स्पष्ट लिहिलंय की १०० मिलीग्रेच्या आत असेल तर रेडिएशन हे गर्भ पाडण्याचं कारण धरू नये. तुम्ही नेटवर वाचलेलं १०० ते हेच, फक्त अर्धवट पोचलं.

---

केळीचा_घड · सोमवार, रात्री ९:५५

केळ्यातपण रेडिएशन असतं म्हणे? मग आमचा रावेर-यावल पट्टा तर अंधारात चमकायला पाहिजे 😄

---

चोपड्याचा_फँटम · सोमवार, रात्री १०:०५

असतं, पोटॅशियम ४० मुळे. पण शरीर पोटॅशियम ठराविकच ठेवतं, जास्त झालं की लघवीवाटे काढून टाकतं, त्यामुळे डझनभर केळी खाल्ली म्हणून साठत नाही. बिनधास्त खा.

---

अमळनेरचे_मास्तर · मंगळवार, सकाळी ६:३०

सकाळी फिरायला जायच्या आधी लिहितो. ही सगळी माहिती आली कुठून तर बरीचशी हिरोशिमा-नागासाकीतून. तिथे बॉम्ब पडला तेव्हा पोटात असलेल्या सुमारे १६०० मुलांचा पुढे पाठपुरावा झाला, त्यातल्या ३० जणांना तीव्र मतिमंदत्व होतं, आणि त्यातली बहुतेक अशी की गर्भधारणेनंतर ८ ते १५ आठवड्यांच्या काळात सापडलेली. त्याच काळात मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी जात असतात. १६ ते २५ आठवड्यांत धोका उतरतो, त्यानंतर तो परिणाम दिसलाच नाही. त्यामुळे किती लागलं एवढंच विचारू नका, कितव्या आठवड्यात लागलं तेही विचारा.

दुसरं, १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा ग्रीसमध्ये पोचलेलं रेडिएशन अगदी किरकोळ होतं, पण डॉक्टर आणि लोक इतके घाबरले की हव्या असलेल्या गर्भांपैकी सुमारे २५०० पाडले गेले असा अंदाज नंतर छापून आला. म्हणून मला त्या पाच मिनिटांच्या सल्ल्याचा राग आला.

---

खापरावरची · मंगळवार, सकाळी १०:४५

मी फार्मसिस्ट आहे, थोडं कडू बोलते. सगळे सेफ सेफ म्हणायला लागले की मला धास्ती वाटते. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ लाच दाखवलं होतं ना की पोटात असताना एक्सरे झालेल्या मुलांमध्ये कॅन्सर जास्त होता? तेव्हा त्यांना कोणी उभं केलं नाही, नंतर खरं निघालं. मग २५ मिलीग्रेला शून्य कसं म्हणता?

---

चोपड्याचा_फँटम · मंगळवार, दुपारी १२:३०

शून्य मी म्हटलंच नाही ताई, आणि तुमचा मुद्दा बरोबर आहे. व्यंगाचा हिशोब वेगळा आणि कॅन्सरचा वेगळा. व्यंगाला उंबरठा आहे, त्याच्या खाली काही होत नाही. कॅन्सरला उंबरठा नाही असं धरूनच आम्ही चालतो, जितकं जास्त तितकी शक्यता जास्त.

पण किती जास्त? स्टुअर्ट यांच्या माहितीवरून १० मिलीग्रेला बालपणीच्या कॅन्सरची शक्यता ४० टक्के वाढते असं सांगतात, ते ऐकून कोणाचीही झोप उडेल. कशाच्या ४० टक्के ते बघा. मुळात १००० मुलांत दोन-तीन. त्याच आयसीआरपीच्या पुस्तकात तक्ता आहे, काहीच रेडिएशन नसेल तर १००० पैकी ९९७ मुलांना बालपणी कॅन्सर होत नाही, १०० मिलीग्रे मिळालं तर ९९१ ना होत नाही. शंभराला सहा तर पंचविसाला दीड. हजारात दीड. हे वहिनींना असंच सांगा, लपवू नका, आणि टक्क्यात तर मुळीच सांगू नका.

आणि काहीही न करता, रेडिएशन न लागता, शंभरातल्या तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष असतोच. हे आत्ताच माहीत असू द्या, नाहीतर उद्या साधं काही निघालं तरी सगळं खापर त्या रात्रीवर फुटेल.

---

लळिंगवाला_धुळे · मंगळवार, दुपारी १:००

भाऊ, कसाले इतलं टेन्शन ली राहिना. मन्ही बायकोले तिसरा महिना व्हता तवय मोटारसायकलवरथीन पडनी, हातना एक्सरे काढा दोन डाव. बठ्ठा गाव डोकं खाये, बाळले काही व्हई म्हनीसन. पोरगी आते तिसरीले शे, आते तीच मन्हं डोकं खास.

---

डार्करूम · मंगळवार, दुपारी १:२०

😄 हातापायाच्या एक्सरेत गर्भापर्यंत ०.००१ पण पोचत नाही. पण धुळेकर भाऊ, हात आणि ओटीपोटाचा सीटी एका तराजूत घालू नका, तुमची पोरगी मस्त आहे हा यांच्यासाठी पुरावा होत नाही.

---

तापीकाठ · मंगळवार, रात्री १०:३०

भाऊ आला. धागा त्याने पहिल्यापासून वाचला, मग वहिनींना वाचून दाखवला. आईचं एकच चाललंय की तिथे शिशाचा एप्रन का नाही दिला, दिला असता तर ही वेळ आली नसती. खरंय का ते?

---

ब्याजवाली · मंगळवार, रात्री ११:०५

मी पण एक्सरे टेक्निशियन, भुसावळची. मावशींना सांगा, ओटीपोटच बघायचंय तर एप्रन ठेवणार कुठे? त्याच्याखालचं काही दिसणारच नाही. आणि नव्या मशीन्स आपोआप डोस कमी-जास्त करतात, मध्ये शिसं आलं की मशीनला वाटतं पेशंट जाड आहे आणि ती अजून जोरात मारते. छातीचा सीटी असता तरी पोटावरच्या एप्रनचा उपयोग फारसा नाही, कारण गर्भापर्यंत जे पोचतं ते शरीराच्या आतूनच विखरून येतं. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये सरळ सांगितलंय की पेशंटला असा एप्रन घालायची नेहमीची पद्धत बंद करा. मनाच्या समाधानासाठी आम्ही अजूनही घालतो ती गोष्ट वेगळी.

आम्ही स्वतःच्या अंगावर एप्रन घालतो ते वेगळं, आमचं रोजचं काम आहे. मी दोन्ही बाळंतपणांच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत ड्युटी केली. दिवस गेल्याचं कळवल्यापासून बाळाला १ मिलीसिव्हर्टच्या (एक्सरेसाठी मिलीग्रेइतकंच धरा) वर जाऊ द्यायचं नाही असा नियम, छातीला टीएलडी ब्याज (किती रेडिएशन लागलं ते मोजणारा बिल्ला) लावलेला. सासूबाईंनी ब्याजवर पण काळा दोरा बांधला होता.

---

अमळनेरचे_मास्तर · बुधवार, सकाळी ६:४०

आठवड्यांचा प्रश्न राहिलाच. शेवटची पाळी कधीची?

---

तापीकाठ · बुधवार, सकाळी ८:००

२ जून. म्हणजे १४ जुलैला सहा आठवडे पूर्ण झाले होते.

---

चोपड्याचा_फँटम · बुधवार, सकाळी ८:४५

इथे दोन गोंधळ होतात. दवाखान्यात आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, रेडिएशनच्या पुस्तकांत गर्भधारणेपासून, दोघांत दोन आठवड्यांचा फरक. वर मास्तरांनी सांगितलेले ८ ते १५ हे गर्भधारणेपासूनचे, दवाखान्याच्या भाषेत १० ते १७. आणि वहिनींची पाळी ४०-४५ दिवसांची, म्हणजे दिवसही उशिरा गेले असणार, २ जूनवरून हिशोब चुकेल. सोनोग्राफी करून बाळाच्या लांबीवरून तारीख काढून घ्या. त्यात रेडिएशन नसतं, नुसता आवाज असतो, हे पण घरात सांगा.

अगदी पहिल्या दोन आठवड्यांत एक तर गर्भ टिकत नाही नाहीतर पूर्ण सावरतो, मधलं काही नसतं. पुढे अवयव घडायच्या काळात व्यंगाचा उंबरठा २०० मिलीग्रेच्या आसपास मानतात. कुठलीही तारीख निघाली तरी २५ त्याच्या बरंच खाली आहे, पण फाईलवर बरोबर तारीख असलेली बरी.

---

खापरावरची · बुधवार, सकाळी ११:००

आणि रेडिएशनच्या नादात औषधं विसरू नका! त्या रात्री आणि नंतर चार दिवस काय काय दिलं त्याची यादी करून नव्या मॅडमला दाखवा. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांचा ग्रुप पुढच्या महिन्यांत चालत नाही, परत कळ आली तर घरातली उरलेली डायक्लोफेनॅक देऊ नका. फोलिक अ‍ॅसिड चालू केलं का? नसेल तर आजच.

---

तापीकाठ · सोमवार, रात्री ९:००

उशीर झाला लिहायला. ४ ऑगस्टला जळगावला सोनोग्राफी झाली, फॉर्म भरणं, आधार कार्डाची झेरॉक्स, दोन तास बाकावर. ७ आठवडे २ दिवस निघाले. ठोके आहेत! म्हणजे सीटीच्या दिवशी सहा आठवडे नव्हते, ४ आठवडे २ दिवस होते, गर्भधारणेपासून जेमतेम सोळा दिवस. फँटम भाऊंनी सांगितलं तसंच झालं, पाळीवरून हिशोब पावणेदोन आठवड्यांनी चुकत होता.

नव्या मॅडमनी अर्धा तास दिला. सीटी सेंटरवाल्यांना फोन करून मशीनची सगळी माहिती मागवली, ती त्यांच्या ओळखीच्या फिजिसिस्टला पाठवली, तिकडून लेखी आलं, अंदाजे २४ मिलीग्रे. मॅडमनी ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि भावाला म्हणाल्या की ह्या कारणासाठी मी तुम्हाला पाडा म्हणून सांगणार नाही, बाकी निर्णय तुम्हा दोघांचा. वहिनी तिथेच म्हणाल्या, ठेवायचं. सोळा दिवसांनंतर पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवलेला ऐकला.

एक विचारायचं राहिलं. परत खडा झाला तर?

---

डार्करूम · सोमवार, रात्री ९:४०

मस्त बातमी! परत झाला तर आधी सोनोग्राफी. त्यात नाही दिसलं तर कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय, त्यात पण रेडिएशन नाही. बरेचसे खडे पाणी आणि औषधावरच पडतात, नाहीच तर स्टेंट (लघवीच्या वाटेत ठेवायची बारीक नळी) टाकतात, आणि तो सोनोग्राफीखाली टाकता येतो. पण खरंच जिवावर बेतलं, अपघात-बिपघात, तर सीटीला घाबरून थांबायचं नाही. आई वाचली तर बाळ. जिथे जाल तिथे दारातच सांगायचं, दिवस गेलेत म्हणून.

---

नवी_सदस्य_पाचोरा · सोमवार, रात्री १०:१५

मधेच विचारते, माझा दाताचा एक्सरे झालाय पाचव्या महिन्यात, छोटी फिल्म तोंडात ठेवून. आता हे सगळं वाचून…

---

ब्याजवाली · सोमवार, रात्री १०:२०

ताई, काही नाही. पोटापर्यंत पोचतच नाही म्हणा. दाढ दुखत असेल तर उपचार पूर्ण करा, अर्धवट सोडू नका.

---

बिबडे_वाळवणारी · मंगळवार, सकाळी ७:३०

दादा, वहिनी जेवताहेत का नीट?

---

तापीकाठ · मंगळवार, सकाळी ७:५०

कुठे हो. उलट्या सुरू झाल्यात आणि नेमका केळ्याचा वास सहन होत नाहीये. आमच्या ओसरीत कालपासून सोळा घड पडलेत, आईने सगळे मागच्या गोठ्यात नेऊन ठेवायला लावले, आता मला रोज तिकडून रस्त्यावर वाहावे लागताहेत.

---

केळीचा_घड · मंगळवार, सकाळी ८:०५

दोन इकडे पाठवा.